एकदाच येणारं गिऱ्हाईक: एस्केप रूममध्ये सापडलेला धंद्याचा धडा



मागच्या व्हिडिओत मी एस्केप रूमचा किस्सा सांगितला, पण आकडे स्क्रीनवरून फार भरभर गेले. म्हणून तो सगळा हिशोब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. आणि ज्यांच्या डोक्यात सध्या एखादी "भन्नाट आयडिया" फिरतेय, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा.

झालं असं. माझा पस्तिसावा वाढदिवस होता. आम्ही चार मित्र शाळेपासूनचे. एक शिक्षक, त्याला आम्ही मास्तरच म्हणतो. एकाचं मेडिकल आहे. तिसरा साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आणि मी, स्टेशनरी आणि गिफ्टच्या दुकानाचा मालक. दरवर्षी वाढदिवस म्हणजे ढाब्यावर जेवण आणि वर्गणी काढून घेतलेला शर्ट, एवढंच. यंदा मेंटेनन्सवाला म्हणाला, "शर्ट-बिर्ट काही नाही. शनिवारी दुकान पोराच्या ताब्यात दे आणि गाडीत बस. पुण्याला जायचंय."

पुण्यात त्याने एस्केप रूम बुक केली होती.

खोलीत काय झालं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या ग्रुपला एका सजवलेल्या खोलीत सोडतात. साठ मिनिटं देतात. खोलीत कोडी, कुलपं, लपवलेल्या वस्तू असतात. एक कोडं सुटलं की दुसऱ्याचा धागा मिळतो. शेवटचं सुटलं की दार उघडतं. बाहेर एक मुलगी कॅमेऱ्यावर आपल्याला बघत बसलेली असते. आपण फारच अडकलो की ती स्क्रीनवर एखादी हिंट पाठवते.

आमची खोली म्हणजे जुना वाडा होता. भिंतीवर बंद पडलेली घड्याळं, एक लोखंडी ट्रंक, देव्हारा, हिशोबाच्या लाल चोपड्या. चोपड्या बघून मला वाटलं, हे तर आपलंच काम! मी वीस मिनिटं त्या चोपडीतली बेरीज करत बसलो. बेरजेचा कशाशीच संबंध नव्हता. मास्तर मागून तीनदा म्हणाला, "अरे, पानांचे नंबर बघ, मधली पानं गायब आहेत." मी ऐकलंच नाही. शेवटी गायब पानांचेच नंबर ट्रंकेच्या कुलपाला लागले.

साठ मिनिटं संपली तेव्हा आमची एक पेटी बाकी होती. म्हणजे आम्ही हरलो. तरी बाहेर येताना चौघंही लहान पोरांसारखे एकाच वेळी बोलत होतो. पाटी हातात धरून फोटो काढला. फोटो पाच मिनिटांत ग्रुपवर आणि स्टेटसला. मेडिकलवाल्याच्या मेहुणीने लगेच विचारलं, "कुठे आहे हे?"

गिफ्ट म्हणून सांगायचं तर गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात भारी गिफ्ट. तासभर चौघांपैकी एकानेही मोबाईल पाहिला नाही, कारण मोबाईल बाहेर लॉकरमध्ये होते.

गिफ्टच्या आतलं गिफ्ट

परत येताना शिरवळला चहाला थांबलो. चहा येईपर्यंत मेंटेनन्सवाला गप्प होता. मग म्हणाला, "खरं सांगू का? तुला दाखवायलाच आणलं होतं. मला हे साताऱ्यात टाकायचंय. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले बारा लाख देतो म्हणालेत. नोकरी सोडतो. कुलपं, वायरिंग, सेन्सर सगळं मला येतं. बोल, कसं वाटतं?"

मास्तर आणि मेडिकलवाला एका सुरात म्हणाले, "एक नंबर! साताऱ्यात एकही नाही असं. तुफान चालेल."

मित्रांनो, हेच वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी मी दुसरं दुकान टाकलं, फक्त गिफ्टचं. सगळे म्हणाले, तुफान चालेल. चौदा महिन्यांत चार लाख घालवून शटर ओढलं. बीबीएला ब्रेक-इव्हनचं सूत्र मी पाठ केलं होतं, पेपरात मार्कही मिळवले होते. पण स्वतःच्या दुकानाच्या वेळी ते कागदावर मांडलं नाही, आणि कोणी मांडायलाही लावलं नाही. म्हणून त्या टेबलावर मी "एक नंबर" म्हणालो नाही. वेटरकडून पेन मागितलं आणि बिल उलटं केलं.

हिशोब पहिला: महिन्याचा खर्च

आकडे त्याने सांगितले. तुमच्या गावात वेगळे असतील, पद्धत मात्र हीच.

- जागेचं भाडं: ३०,००० रुपये
- दोन माणसं, प्रत्येकी १५,०००: ३०,००० रुपये
- लाईट, एसी: १०,००० रुपये
- दुरुस्ती: ८,००० रुपये (लोक कुलपं ओढतात, तोडतात, वस्तू खिशात घालून नेतात)
- जाहिरात: १२,००० रुपये

झाले ९०,०००. मी विचारलं, "तुझा पगार?" म्हणाला, "माझा कशाला? मालक मी." ही चूक दहातले आठ जण करतात. तुम्ही नोकरी सोडताय म्हणजे घरात येणारा पैसा थांबणार. तो खर्चात धरलाच पाहिजे. त्याचे ३०,००० धरले. एकूण १,२०,००० रुपये.

तिकीट माणशी ५०० आणि ग्रुप सरासरी चौघांचा धरला. एका खेळाचे २,००० रुपये. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला महिन्याला ६० खेळ.

आता बाबांचे बारा लाख. ते तीन वर्षांत परत करायचे तर महिन्याला साधारण ३३,००० आणखी हवेत, म्हणजे १७ खेळ जास्त. एकूण ७७ खेळ.

हिशोब दुसरा: स्लॉटचा सापळा

इथे मित्राचा चेहरा खुलला. "दोन खोल्या. सकाळी अकरा ते रात्री साडेनऊ. एक तास खेळ, अर्धा तास खोली पुन्हा लावायला. एका खोलीत दिवसाला ७ स्लॉट, दोन्ही मिळून १४. महिन्याला ४२०. त्यातले फक्त ७७ भरायचेत. अठरा टक्के! सहज होईल."

कागदावर बरोबर आहे. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता साताऱ्यात खेळायला कोण येणार? कॉलेजची पोरं कॉलेजात, नोकरीवाले नोकरीत. लोक येणार शनिवार-रविवारी, दुपारी साडेतीननंतर. त्या वेळात एका खोलीत ४ स्लॉट, दोन खोल्यांत ८. महिन्यात शनिवार-रविवार धरा ८ दिवस. आठ गुणिले आठ, ६४.

म्हणजे शनिवार-रविवारची एकूण एक संध्याकाळ खचाखच भरली, एकानेही बुकिंग रद्द केलं नाही, तरी ६४ खेळ. लागतात ७७. उरलेले १३ आडदिवशी भरावे लागतील, आणि तेही दर महिन्याला.

माझ्या दुकानात आज न विकलेली वही उद्या विकली जाते. एस्केप रूमवाला वेळ विकतो. मंगळवारचा रिकामा तास बुधवारी विकता येत नाही. सलून, टर्फ, क्लास, मंगल कार्यालय, ज्यांचा ज्यांचा धंदा वेळेचा आहे त्यांनी एकूण स्लॉट मोजू नयेत. लोक खरंच येतील ते स्लॉट मोजावेत.

हिशोब तिसरा: एकदाच येणारं गिऱ्हाईक

हा सगळ्यात महत्त्वाचा. मी मित्राला विचारलं, "ती वाड्याची खोली तू परत खेळशील?"

"छे! आता कळलं ना सगळं."

बस. सगळा धडा या उत्तरात आहे. माझ्या दुकानात पोरगं बालवाडीत येतं आणि बारावीपर्यंत माझं गिऱ्हाईक राहतं. चहावाल्याचं गिऱ्हाईक दिवसातून दोनदा येतं. एस्केप रूमवाल्याचं गिऱ्हाईक कितीही खुश होऊन गेलं तरी त्याच खोलीसाठी परत येत नाही. खुश होऊनसुद्धा!

आता आकडा बघा. ७७ खेळ गुणिले ४ माणसं, म्हणजे महिन्याला ३०८. वर्षाला जवळपास ३,७००. तीन वर्षांत ११,००० च्या वर. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या साधारण १ लाख २० हजार होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत, दर अकरा जणांतला एक तुमच्या खोलीत यायला हवा. प्रत्येकजण दोन्ही खोल्या खेळला असं धरलं तरी दर बावीस जणांतला एक. आसपासची गावं धरली तर आकडा थोडा सैल होईल, पण प्रश्न तोच. दुसऱ्या वर्षी खोली बदलायची म्हटलं की पुन्हा सुतार, पुन्हा वायरमन, पुन्हा दोन-तीन लाख.

मग हा धंदा जगभर चालतो कसा? त्याची थोडी गोष्ट सांगतो.

बंद खोलीतून सुटण्याचे कॉम्प्युटर गेम आधीपासून होते. २००४ चा 'क्रिम्झन रूम' हा जपानी गेम त्यात गाजलेला. २००७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात 'स्क्रॅप' या प्रकाशन कंपनीच्या ताकाओ काटो यांनी हाच खेळ खऱ्या खोलीत, खऱ्या माणसांसाठी केला. सुरुवात झाली ती एका कार्यक्रमासारखी. पुढे त्यांनी मोठ्या स्टेडियममध्येही असे खेळ लावले, हजारो लोक एकाच वेळी. २०११ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टला अत्तिला ज्युर्कोविच यांनी 'पॅरापार्क' काढलं आणि त्यानंतर त्या शहरात अशा खोल्यांची रांग लागली.

बुडापेस्टच का? दोन कारणं आपल्या कामाची आहेत. एक, शहराच्या मध्यात जुन्या इमारतींची रिकामी तळघरं होती, भाडं कमी. दोन, ते पर्यटकांचं शहर आहे. आज आलेला माणूस चार दिवसांनी जातो, त्याच्या जागी नवा येतो. खोली तीच राहिली तरी चालतं, कारण गिऱ्हाईकच रोज बदलतं.

यातून नियम निघतो, वहीत मोठ्या अक्षरात लिहा:

जो माल एक माणूस एकदाच घेतो, तो जिथे माणसं रोज नवी येतात तिथे विकायचा. माणसं तीच असतील, तर माल बदलता यायला हवा.

आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला माणसं रोज नवी असतात. पण तिथे भाडं आणि पावसाळा हे दोन्ही हिशोबात घ्यावे लागतील. मित्राने सातारा निवडलं होतं एकाच कारणासाठी, त्याचं घर तिथे आहे. "इथे असं एकही नाही" याचा अर्थ दरवेळी "संधी आहे" असा होत नाही. कधी कधी अर्थ असा असतो की कोणीतरी हा हिशोब आधीच केलाय.

हिशोबात नसलेलं दार

बिलाच्या कागदावर जागा संपत आली तेव्हा मी विचारलं, "जागा कुठली बघितलीस?" म्हणाला, "बेसमेंट आहे. भाडं कमी पडतं."

"जिने किती?"

"एक."

पुण्यातल्या त्या मुलीने खेळ सुरू होण्याआधी आम्हाला पहिली गोष्ट दाखवली होती ती दाराशेजारचं लाल बटण. दार मॅग्नेटच्या लॉकचं. बटण दाबलं की उघडणार, लाईट गेली तरी उघडणार. आम्हाला खेळायची घाई, आम्ही नीट ऐकलंसुद्धा नाही. पण मला ते नंतर आठवलं, कारण मी पोलंडची बातमी वाचली होती. ४ जानेवारी २०१९ ला कोशालिन शहरात पाच मुली एस्केप रूममध्ये गेल्या होत्या. सगळ्या पंधरा वर्षांच्या. त्यातल्या एकीचा वाढदिवस होता. बाहेरच्या बाजूला आग लागली, मुलींना बाहेर पडता आलं नाही, विषारी धुराने पाचही जणी गेल्या. त्यानंतर पोलंडभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि नियम न पाळणाऱ्या कित्येक बंद केल्या गेल्या.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. आम्हीही वाढदिवसालाच गेलो होतो.

मित्राच्या बारा लाखांच्या यादीत सुतारकाम होतं, सेन्सर होते, धुराचं मशीन होतं. दुसरं दार, आग विझवायचे सिलेंडर, लाईट गेल्यावर लागणारे दिवे यांची एकही ओळ नव्हती. तो वाईट माणूस नाही. मेंटेनन्सचाच माणूस आहे, कंपनीत रोज सेफ्टीची पाटी वाचतो. पण स्वतःच्या धंद्याची यादी करताना आपण सगळे विकली जाणारी गोष्ट आधी लिहितो. म्हणून सांगतो, जिथे लोक आत येऊन थांबणार आहेत असा कुठलाही धंदा असेल, क्लास, जिम, कॅफे, तर यादीची पहिली ओळ "लोक बाहेर कसे पडतील" ही लिहा. नगरपालिका आणि अग्निशमन विभागाला काय परवानग्या लागतात, हे जागेचं डिपॉझिट देण्याआधी विचारा. दिल्यानंतर नाही.

खंबाटकी घाट आला तरी गाडीत कोणी बोलत नव्हतं. साताऱ्याला उतरताना मित्र म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतोस." मी गप्प बसलो. वाढदिवसाच्या रात्री झोप लागली नाही, हे खरं.

मग काय केलं

आठ दिवसांनी तो दुकानात आला. बिलाचा तो कागद त्याने जपून ठेवला होता. म्हणाला, "बारा लाख नाही घालत. पण मला हे करायचंच आहे. स्वस्तात कसं बघू सांग."

दोघांनी मिळून प्रश्न बदलला. लोकांना खोलीत आणायच्या ऐवजी खेळ लोकांकडे न्यायचा. त्याने दोन लाकडी पेट्या आणि एक पत्र्याची ट्रंक घेतली, कुलपं, टॉर्च, नकाशे, चिठ्ठ्या भरल्या. खर्च २८,०००. मुलांच्या वाढदिवसाला सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा घरच्या हॉलमध्ये जायचं, दार उघडं ठेवून खेळ लावायचा. सुटायचं कुठूनच नाही, ट्रंक उघडायची. एका वाढदिवसाचे ३,५०० रुपये. नोकरी चालू, काम फक्त शनिवार-रविवारी.

चार महिन्यांचा हिशोब, त्याच्या परवानगीने:

- १९ वाढदिवस, जमा ६६,५०० रुपये
- मदतनीस, पेट्रोल, छपाई, बक्षिसं: २१,००० रुपये
- पेट्यांचा खर्च: २८,००० रुपये
- हातात राहिले: १७,५०० रुपये

महिन्याला साडेचार हजारसुद्धा नाहीत. यावर नोकरी सोडता येत नाही, आणि त्याने सोडलेली नाही. पण त्याला तीन गोष्टी कळल्या, ज्या बारा लाख घालून कळल्या असत्या तर फार महाग पडल्या असत्या.

एक. त्याला वाटत होतं गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरं. फोन आले ते नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या आयांचे. पैसे देणारा वेगळा, खेळणारा वेगळा. आईला कोड्यांशी काही देणंघेणं नाही. तिला दोन तास मुलं गुंतलेली हवीत आणि घर जागेवर राहायला हवं. जाहिरात तिच्यासाठी लिहायची.

दोन. १९ पैकी ११ बुकिंग आधीच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांकडून आली. लग्नाचं कार्यालय चालतं तसंच हे. नवरा-नवरी परत येत नाहीत, पण जेवायला आलेल्या पाचशे जणांनी हॉल पाहिलेला असतो. गिऱ्हाईक परत येणार नसेल, तर ते किती जणांना घेऊन येतं हे मोजा.

तीन. लोक म्हणाले, "मागच्या वेळचाच खेळ नको." पेट्या त्याच ठेवून नवी गोष्ट आणि नव्या चिठ्ठ्या करायला त्याला ३,००० रुपये लागले. खोली बदलायला दोन-तीन लाख लागले असते.

बाबांचे पैसे बँकेत आहेत. पुढे खोली काढायची की नाही हे तो वर्षभराने ठरवणार. तेव्हा त्याच्याकडे मित्रांची वाहवा नसेल, आकडे असतील. आणि हो, वर्षाला सेवेची विक्री २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. ७७ खेळांच्या हिशोबात विक्री साडेअठरा लाख येत होती. म्हणजे जरा बरं चाललं की तोही खर्च आलाच.

गृहपाठ

तुमच्या आयडियासाठी आज रात्री हे पाच प्रश्न लिहून काढा:

१. स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च किती?
२. बरोबरीत यायला महिन्याला किती विक्री? घातलेले पैसे तीन वर्षांत काढायला किती?
३. माझं गिऱ्हाईक वर्षातून किती वेळा येईल? एकदाच असेल, तर तीन वर्षांत किती नवी माणसं लागतील, आणि माझ्या गावात तेवढी आहेत का?
४. पैसे देणारा कोण आणि वापरणारा कोण?
५. हीच आयडिया तीस हजारांत, नोकरी न सोडता, तीन महिने करून बघायची तर कशी?

पाचव्याचं उत्तर सापडत नसेल तर आयडिया अजून कच्ची आहे, एवढंच समजा. टाकून देऊ नका.

आणि मित्राने विचारलं, "कसं वाटतं?" तर लगेच "एक नंबर" म्हणू नका. पेन मागा. तो चार दिवस रागावेल, पण त्याच्या बाबांचे बारा लाख वाचतील.

पुढच्या वाढदिवसाला आम्ही चौघं त्या पुण्याच्या ठिकाणी दुसरी खोली खेळायला जाणार आहोत. या वेळी चोपडी मास्तरच्या हातात देणार.

भेटू पुढच्या व्हिडिओत.